गोऱ्हा झाला

दप्तर नसलेल्या शनिवारी वस्तीवरच्या शाळेत पहिली-दुसरीच्या मुलांना काहीतरी चांगलं शिकवायला कुणी हवं होतं, आणि मी रिकामी होते. नोकरी संपलेली. सावेडीतल्या फ्लॅटमध्ये भिंतींशी किती बोलणार, म्हणून बेलापूर गावात बहिणीच्या सोबतीला येऊन राहिले होते. गुरुजींनी विषय सांगितला, करुणा. मी म्हटलं, "अहो गुरुजी, हा शब्द मला साठी उलटली तरी नीट कळला नाही, त्या पोरांना काय डोंबल कळणार?" ते हसून म्हणाले, "मग शब्द राहू द्या. बाकीचं शिकवा."

मी शब्द बाजूला ठेवला. मुलांना सांगितलं, घरातलं असं कुणीतरी निवडायचं, ज्याच्याकडे कुणी बघत नाही. माणूस असो, जित्राब असो, झाड असो. त्याला काय हवंय ते बघायचं आणि द्यायचं. शनिवारी येऊन सांगायचं. एकाने लंगडी कोंबडी निवडली. एकाने आजोबा निवडले आणि त्यांच्या चोरून आणलेल्या बिड्यांची राखण केली. एक म्हणाला, "मी मुंग्यांना साखर घातली, मग आईनं मला दोन घातल्या." आम्ही पोट धरून हसलो. शनिवारची मी वाट बघायला लागले होते.

पहिलीत एक मुलगी होती. तेल चोपडून घट्ट घातलेल्या वेण्या, तोंडाने फटकळ. मीही तशीच असल्यामुळे आमचं जमायचं. तिच्या घरी जर्सी गायी होत्या, सकाळ-संध्याकाळ दूध डेअरीवर जायचं. एका शनिवारी ती माझ्यासाठी डबाभर खरवस घेऊन आली.

"गाय व्याली वाटतं? काय झालं?"

"गोऱ्हा," ती म्हणाली आणि मान खाली घातली. जणू तिचीच चूक.

इकडचं हे गणित उलटं आहे. घरात मुलगा हवा, गोठ्यात कालवड. कालवड म्हणजे उद्याची गाय. जर्सीचा गोऱ्हा औताला चालत नाही आणि त्याला घेणाराही मिळत नाही. व्यायल्यानंतरचं पहिलं दूध, म्हणजे चीक, डेअरी घेत नाही, म्हणून चीक असेपर्यंत त्याला पोटभर मिळतं. चांगलं दूध सुरू झालं की ते किटलीत जातं आणि त्याच्या वाट्याला पांढरं पाणी उरतं. मग एक दिवस तो गोठ्यात दिसत नाही. कुठे गेला असं कुणी विचारत नाही, कारण प्रत्येकाच्याच गोठ्यातून तो गेलेला असतो.

"बाई, मी गोऱ्हा घेतला," ती म्हणाली. "कालवड झाली व्हती तवा समदी बघाया आल्ती. ह्याला कुनी बघाया आलं न्हाई."

मी सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या.

ती तिच्या वाटणीचं दूध त्याला पाजायला लागली. मग बाकीची पोरंही पाण्याच्या बाटलीतून घरचं दूध आणू लागली, आणि त्यांच्या आया गुरुजींकडे भांडायला आल्या. गोऱ्हा तिच्या मागे शाळेपर्यंत यायचा. वर्ग चालू असला की ओट्याखाली बसून राहायचा. सुट्टी झाली की ती त्याच्या गळ्यात पडायची आणि तो तिचं मनगट चाटायचा. इतकं सुख मी बऱ्याच वर्षांत बघितलं नव्हतं.

तिचे वडील मला डेअरीवर भेटले. "बाई, पोरीला काय शिकवलंय तुमी? दूध पीत न्हाई ती. समदं त्याला पाजती."

"चांगलंच शिकवलंय," मी फणकाऱ्याने म्हणाले.

त्यांना राग आला नाही. किटलीचं झाकण दाबत ते म्हणाले, "चांगलंच हाय. पन खायाला घालायचं कुठून? मलाबी त्याच्या डोळ्याकडं बघवत न्हाई बाई. म्हनून मी बघतच न्हाई."

घरी येऊन त्याच दुधाचा चहा केला आणि तो तसाच गार झाला.

एका पहाटे वस्तीवर टेम्पो आला. सकाळी ती उठून गोठ्यात गेली तर दावं नुसतं पडलेलं. वडिलांनी सांगितलं, गोशाळेत सोडला. शाळेत येऊन ती माझ्या पदराला धरून बसली, मला तिथं न्या म्हणून. आधी मी एकटीच जाऊन आले. तिथला माणूस म्हणाला, जागाच नाही, कधीपासून आम्ही नवीन घेत नाही. येताना कालव्याच्या कडेने रिक्षा हळू घ्यायला लावली. कडेला वासरं दिसत होती, काही उभी, काही आडवी. एकही तिचा वाटला नाही, किंवा सगळेच तिचे वाटले. तिला मी सांगितलं, तिथे खूप वासरं आहेत गं, आपला कुठला ते ओळखू येत नाही.

"त्यानं मला वळखलं असतं," ती म्हणाली.

त्यानंतर ती शाळेत आली नाही. गुरुजी म्हणाले, तिची आई बाळंत झालीय. मी झबली-टोपडी आणि डिंकाचे लाडू घेऊन गेले. आजी ओसरीवर लसूण सोलत होती. मी काही विचारण्याआधीच म्हणाली, "तिसरीबी पोरगीच." आणि सोलत राहिली.

आत आई खाटेवर होती. माझी विद्यार्थिनी पाळण्याला पाठ लावून जमिनीवर बसलेली, डोळे सुजलेले, पाळण्याची दोरी मनगटाला गुंडाळलेली. मला बघून हसली नाही.

"बाई, तुमीच सांगा हिला," आई म्हणाली. "रातभर टक्क जागी असती. रस्त्यानं टेम्पो गेला की पाळना घट धरती. काय झालंय इचारलं तर बोलत न्हाई."

मी तिच्याजवळ खाली बसले. तिच्या वेण्या कुणी घातल्या नव्हत्या. मी केसांवरून हात फिरवला आणि विचारलं, का गं, झोपत का नाहीस? तिने आधी ओसरीकडे बघितलं. मग माझ्या कानाशी आली.

"आजी म्हनली, परत नको तेच झालं," ती म्हणाली. "गोऱ्ह्याच्या टायमाला मी झोपले व्हते, बाई."