ओळीच्या आधीचा आवाज

हेडफोन टेबलावर टाकून मी आधी स्टुडिओचं दार उघडलं. बाहेर धुळ्याच्या देवपूर भागातलं रणरणतं ऊन होतं, सायकली होत्या, समोर रसवंतीची घुंगरं वाजत होती. सगळं जागच्या जागी होतं. टेपवर गाणं अजून सुरू व्हायचं होतं आणि गाणाऱ्या अक्कांचा आवाज आधीच आला होता. बारीक, लांबून आल्यासारखा. दोनेक सेकंदांनी तीच ओळ खणखणीत सुरू झाली. आदल्याच दिवशी मुंबईत अक्कांच्या गळ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि त्या कशा आहेत ते कुणालाच कळलं नव्हतं. खरं सांगतो, माझी टरकली.

मी धुळ्यात साउंड रेकॉर्डिस्ट होतो. ऐंशीच्या दशकात घरोघरी कॅसेट वाजायला लागल्या होत्या. आमचे मालक भाऊसाहेब, त्यांनी आखाजीच्या अहिराणी गाण्यांची कॅसेट काढायचं मनावर घेतलं. आखाजी म्हणजे अक्षय्यतृतीया. आमच्याकडे लेकी माहेरी येतात, निंबाला झोके बांधतात आणि झोक्यावर गवराईची, म्हणजे गौरीची, गाणी म्हणतात. सोनगीरजवळच्या एका गावात अक्का या गाण्यांच्या म्होरक्या होत्या. त्यांचा मुलगा नाना स्वतः स्टुडिओत आला.

"अक्काना गळामा गाठ शे. आखाजीनंतर ऑपरेशन शे. आवाज ऱ्हाई का जाई, डॉक्टरले बी सांगता येस नही. तेना पहिले भरी ल्या."

म्हणजे ऑपरेशनआधी एकदाच भरायचं, रीटेक नाही. चुकलं तर पुन्हा घेऊ, असं म्हणायची सोय नाही. मला तेव्हापासूनच धास्ती बसली.

अक्कांना स्टुडिओत आणून खुर्चीवर बसवलं. त्या काही केल्या गाईनात. "गानं झोकावर येस, भाऊ. खुर्चीवर नही येस."

मग आम्हीच मशीन घेऊन गावात गेलो. माइक स्टँडवर लावला तर आवाज झोक्याबरोबर जवळ यायचा, लांब जायचा. शेवटी माइक झोक्याच्या दोरालाच बांधला आणि वायर फांदीवरून खाली सोडली. दोराची करकर टेपवर येत होती, तिला इलाज नव्हता. पण आणखी एक भानगड होती. झोका मागे जाताना अक्का पुढची ओळ हळूच पुटपुटायच्या. खाली उभ्या बायकांना त्यावरून कळायचं की आता कोणती ओळ. झोका पुढे आला की तीच ओळ मोठ्याने. मी हात वर केला.

"अक्का, आधी पुटपुटू नका. टेपवर कचरा येतो."

"बरं," म्हणाल्या. मग दर वेळी झोका मागे जाताना ओठ घट्ट मिटून बसल्या. बायका दोन-तीनदा चुकल्या, मग सावरल्या. दुपारपर्यंत सगळी गाणी झाली. गवराई बोळवून झोका सोडला, तेव्हा अक्का म्हणाल्या, "आते वरीसभर नही."

मी शिस्तीचा माणूस. टेप उलटी गुंडाळून सुरुवातीला आणली, डब्यात घातली, डबा कपाटात ठेवला. वर पत्र्याचं छप्पर, वैशाखाचा महिना. दुसऱ्या कामासाठी जळगावला गेलो तो दहा दिवसांनी परतलो आणि पहिल्यांदा ती टेप लावली.

दारात उभं राहून घाम पुसला तेव्हा डोकं चालायला लागलं. याला प्रिंट-थ्रू म्हणतात. टेप गुंडाळली की एका थरावर दुसरा थर बसतो. उष्णतेने एका थरातला आवाज शेजारच्या थरावर पुसटसा उमटतो. ओल्या शाईची वही मिटली की समोरच्या पानावर उमटतं तसं. मी टेप उलटी गुंडाळलीच नसती, शेवट वर ठेवून तशीच डब्यात घातली असती, तर ती खूण बरीचशी मूळ आवाजाच्या मागे पडून लपली असती. हे प्रत्येक टेक्निशियनला माहीत असतं. मलाही होतं.

भूत गेलं, पण भीती दुप्पट झाली.

भाऊसाहेबांनी ऐकलं आणि कपाळाला हात लावला. "ब्लेड घे. मधल्या शांत जागा कापून टाक, टेप जोड."

"दर ओळीआधी आहे. कापलं तर झोका अडखळेल."

"झोका कोण मोजतंय?"

मी ब्लेड हातात घेतलं. तेवढ्यात मुंबईहून नाना आला. ऑपरेशन चांगलं झालं होतं, पण अक्कांचा आवाज गेला होता. "टेप चांगली शे ना?" त्याने विचारलं. मी हो म्हणालो. त्या टेपला ब्लेड लावायचा मला धीरच झाला नाही. जशी होती तशी एका कॅसेटवर उतरवून ठेवली आणि अक्का घरी आल्यावर गावी गेलो.

अक्का खाटेवर बसल्या होत्या, गळ्याला पट्टी होती. नानाने कॅसेट लावली. मी जमिनीकडे बघत होतो. पुसट आवाज आला आणि त्यांची लेक शांता ओरडली, "अगं माय! अक्का तं पहिले सांगी ऱ्हायनी!"

नाना माझ्याकडे वळला. "भाऊ, तुम्हीच तं नको सांगेल व्हतं?"

"नानाभाऊ, माझी चूक आहे. टेप उन्हाने बिघडली. ते मी कापून टाकतो."

अक्कांनी झटकन हात हलवला. नाही. मग डोळे मिटले. पुसट ओळ आली की त्यांचा पाय मागे जायचा, मोठी ओळ आली की पुढे. खाटेवर बसल्या बसल्या त्या झोका घेत होत्या. मला रडू आवरेना.

भाऊसाहेबांनी कुरकुर करत कॅसेट तशीच काढली. अक्कांचा आवाज परत आला नाही. पुढच्या आखाजीला त्याच निंबाखाली टेपरेकॉर्डर ठेवला होता. पुसट ओळ ऐकून बायका पुढची ओळ उचलत होत्या आणि एकही चुकली नाही. नव्वदच्या दशकातही आखाजीच्या आधी लोक झिजलेल्या कॅसेट घेऊन यायचे आणि नवी मागायचे. एकाला मी खरखर आणि पुसट आवाज काढून कॅसेट साफ करून दिली होती. दुसऱ्या दिवशी तो ती परत घेऊन आला. घरच्या बायकांना तिच्यावर गाता येत नव्हतं.

हाताखाली आलेल्या प्रत्येकाला मी एकच शिकवलं. टेप उलटी गुंडाळून ठेवू नका, शेवट वर राहू द्या. आणि गाणारा कशाला कचरा म्हणत नसेल, तर तुम्हीही म्हणू नका.