पाच नंबरचं कुलूप

एका सरळ माणसाच्या मागे मी तीन दिवस चोर पकडायला निघाल्यासारखी फिरले, आणि खरी गफलत माझ्याच सहीनिशी भिंतीवर चिकटवलेली होती, हे आधीच कबूल करून टाकते. नातवंडं विचारतात, "आजी, तू नोकरीत काय करायचीस?" मी सांगते, लोकांवर संशय घ्यायचे आणि त्याचा पगार घ्यायचे.

मी सेफ्टी ऑफिसर होते. पिंपळगाव राजाच्या रस्त्यावर एक जिनिंग होतं, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करायचा कारखाना. तिथे नवीनच लागले होते. वय चाळिशीचं, डोक्यावर पांढरं हेल्मेट, हातात साडीला मॅचिंग पर्स आणि स्वतःबद्दल फार चांगलं मत.

कापसाला पेटायला एक काडी पुरते. म्हणून पहिल्याच आठवड्यात मी नोटीस काढली: बायांच्या कोटाला खिसा नको. तंबाखूची डबी, काडीपेटी आत यायलाच नको. साडीवर घालायचे ते निळे कोट शिंप्याकडे पाठवले, खिसे उसवून आणले. पदर आत खोचायचा, हेही सांगितलं. मॅनेजर खूश झाले. मी त्यांच्याहून खूश.

मग मी लॉकआऊट आणलं. ते काय, सांगते. मशीनखालून सरकी वाहून नेणारी एक लांब पन्हळ असते. तिच्यात लोखंडी स्क्रू फिरतो. त्याला म्हणायचं स्क्रू कन्व्हेयर. सरकी अडकली की कोणीतरी आडवं होऊन, हात घालून ती मोकळी करायची. स्विच तिथून पंधरा पावलांवर, मधल्या भिंतीच्या अलीकडे; तिथून पन्हळ दिसत नाही. हात आत असताना कोणी स्विच टाकला तर हात गेला. म्हणून जी हात घालणार, तिनं आधी स्विच बंद करून त्यावर आपलं कुलूप लावायचं. चावी आपणच सांभाळायची आणि बाहेर आल्यावर आपणच उघडायचं. आठ बायांना आठ लाल कुलपं दिली, नंबर घालून. भिंतीवर दुसरी नोटीस लावली. कुलूप कधी लावलं, कधी काढलं, हे जिनं तिनं लिहायचं एक रजिस्टरही केलं.

महिन्याभरात ते रजिस्टर इतकं सुंदर भरलं की मला संशय आला. एक खाडाखोड नाही. आठ बाया, आणि अक्षर मात्र एकच. ते होतं सुपरवायझर देवरावचं.

"देवराव, चाव्या कोणाकडे असतात?"

"ज्याच्या त्याच्यापाशी, मॅडम."

एवढं बोलून तो वळला आणि त्याच्या पँटीच्या खिशात खुळखुळ झालं.

बस. माझ्या डोक्यात सगळी कथा तयार झाली. हा गडी बायांच्या चाव्या हिसकावतो, कुलपं आपल्या मर्जीनं उघडतो, गाठी जास्त काढून मॅनेजरकडून शाबासकी घेतो. दुसऱ्या दिवशी मी पाच नंबरच्या कांताबाईला गाठलं. ती तिथली सगळ्यात जुनी.

"तुमची चावी कुठाय?"

"हाय ना."

"दाखवा बरं."

"कामात हाय मी, मॅडम."

शेजारच्या दोघी तोंड फिरवून हसल्या. म्हणजे ह्याही सामील! मी डायरीत लिहिलं, "संगनमत." शब्द आवडला म्हणून खाली रेघ मारली.

तिसऱ्या दिवशी मी कापसाच्या गाठींच्या थप्पीमागे लपले. हेल्मेट वर दिसत असणार, पण ते मला कुठं कळायचं! सरकी अडकली. कांताबाईनं स्विच बंद केला, पाच नंबरचं कुलूप लावलं, चावी देवरावच्या हातात दिली आणि भिंतीपलीकडे गेली. थोड्या वेळानं मॅनेजर दारातून ओरडले, "देवराव, लाईन काऊन बंद हाय बे?"

देवरावनं हाक मारली, "कांताबाई, झालं का?"

पलीकडून होकाराचा आवाज आला, "हाव!"

त्यानं खिशातून जुडगा काढला, कुलूप उघडलं आणि हात स्विचकडे नेला. मी थप्पीमागून उडी मारली.

"थांबा! पकडलं!"

त्याचा हात तसाच वर राहिला. "काय पकडलं, मॅडम?"

"चावी तुमच्याकडे कशी?"

"अहो, ती बाहेर आली. हाव म्हणाली ना."

"तुम्ही पाहिलं?"

आम्ही भिंत वळून गेलो. कांताबाई कुशीवर आडवी, उजवा हात खांद्यापर्यंत पन्हळीत. "हाव" म्हणाली होती पलीकडेच काम करणारी सुमनबाई. तिला कोणीतरी चहाचं विचारलं होतं.

देवराव तसाच मागे पळाला आणि कुलूप पुन्हा स्विचला लावून आला.

मॅनेजरच्या केबिनमध्ये निकाल लगेच लागला. "त्या बाईनं चावी दुसऱ्याले देल्ली. नियम मोडला. उद्यापासून तिले कामावरून बंद करा. देवरावले मेमो. लिहा, मॅडम."

मी पेनचं टोपण काढलं. हो, काढलं. खोटं कशाला सांगू?

कांताबाई दारात उभी होती. ती आत आली नाही. तिथूनच म्हणाली, "मॅडम, तुमची नोटीस मले पाठ हाय. 'चावी स्वतःच्या खिशात ठेवावी.'" मग तिनं कोट एका बाजूनं दाखवला, दुसऱ्या बाजूनं दाखवला. "कुठं ठेवू?"

मी पेन खाली ठेवलं.

"चोळीत ठेवली तं वाकलं की पडते. एक डाव सरकीतच गेली. पदराले बांधावी, तं पदर तुम्हीच खोचाले लावला. देवरावच्या पँटीले खिसा हाय, म्हणून त्याले देतो. तो बिचारा आठ जणींच्या चाव्या सांभाळून राह्यला, रजिस्टरबी तोच लिहून राह्यला."

"मग मला सांगितलं का नाही?"

"तुम्ही इचारलं, चावी कुठाय. काऊन देल्ली, हे कुठं इचारलं?"

देवराव हळूच म्हणाला, "बायांले मेमो भेटन म्हणून मी बोललो नाई."

माझी तीन कप्प्यांची पर्स टेबलावर ऐटीत बसली होती. मी ती उचलून मांडीवर घेतली आणि रिपोर्टात चूक कोणाची, या रकान्यात स्वतःचं नाव लिहिलं. मॅनेजरांनी दोनदा वाचलं. कांताबाई कामावर राहिली, देवरावचा मेमो रद्द झाला.

पंधरा दिवसांत नवे कोट आले. आतल्या बाजूनं, छातीपाशी, चावीपुरता अरुंद खिसा. काडीपेटी त्यात जाता जात नाही. माप कांताबाईनंच शिंप्याला दिलं होतं. नियम लिहिणाऱ्या माणसानं तो आधी दिवसभर अंगात घालून फिरावं, एवढं मी त्यातून शिकले. पुढे नोकरीभर कुठल्याही कारखान्यात गेले की आधी बायांचे कोट उलटे करून बघायची. लोक हसायचे.

कोट वाटले त्या दिवशी, सुटी झाल्यावर, कांताबाई मला गेटवर भेटली. मी जरा मोठेपणानंच म्हटलं, "नशीब म्हणायचं, त्या दिवशी मी तिथं होते. हात वाचला तुमचा."

तिनं डब्याची पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि म्हणाली, "वाचला, हाव. पण मॅडम, तुम्ही तं देवरावले पाहाले आल्या होत्या. मले पाहाले कोन आलतं?"