खंडेनवमीचा नारळ

माझी मुलगी भूकंपाचा अभ्यास करते हे मोरव्यात सगळ्यांना माहीत आहे. त्यामुळे कुठे जरा भांडं वाजलं की लोक मला धरतात. आमचा वाणी तर रोज विचारतो, "काका, कधी येतोय?" जसा काही भूकंप माझ्याच घरी पाहुणा म्हणून उतरणार आहे. मी सांगतो, "येईल तेव्हा पहिला तुझ्या दुकानात पाठवतो. उधारी मागायची न्हाय त्याच्याकडं."

मी चौथीपर्यंत शिकलो. पुढे मिठागर. पावसाचं साचलेलं पाणी उपसून झालं की आम्ही रांगेत उभे राहून वाफ्याचा चिखल पायांनी तुडवायचो, सगळ्यांचा पाय एकदम उचलायचा आणि एकदम पडायचा, तळ दगडासारखा होईपर्यंत. तळ सैल राहिला तर मीठ काळं यायचं. अर्धं आयुष्य या पायांनी जमीन दाबली. म्हणून मुलगी जेव्हा म्हणाली की मला जमिनीचा अभ्यास करायचाय, तेव्हा मला हसूच आलं. बँकेतली लागत आलेली नोकरी सोडून ती दूर शिकायला गेली. जाताना ती माझ्याशी बोलली नाही, मीही बोललो नाही. आमच्या घरात बोलणं टाकायचं म्हणजे पुरतं टाकायचं, त्यात अर्धवट काही नसतं.

नंतर ती मोठी झाली. जहाजांवरून गेली, समुद्राच्या तळाशी यंत्रं सोडून आली, परदेशात भाषणं केली. मला हे सगळं तिच्या आईकडून कळायचं. आई गेली तेव्हा कळायचं बंद झालं. मग फोन मलाच यायला लागला. "जेवलास?" "जेवलो." "गोळी घेतलीस?" "घेतली." एवढ्यात फोन संपायचा, आणि मी तो हातात धरून बसायचो.

मागे एकदा ती न कळवता आली. चहा घेतला आणि म्हणाली, "बाबा, मला जागा हवीय. यंत्र बसवायचंय."

मी म्हणालो, "अंगण आपलंच हाय. पाहिजे तिथं बसव."

तिने अंगणात पाय आपटून पाहिला. "इथे नको. हा सगळा खाडीचा गाळ आहे. कुणी रस्त्यावर ट्रक नेला तरी हलतो. मला कातळ हवा."

माझ्या अंगणाला गाळ म्हणाली. दुसरं कोणी असतं तर चहाचा कप काढून घेतला असता. पण डोंगरीला आमची आंब्याची चार झाडं आहेत, तिथे झाडांच्या मागे काळा कातळ उघडा पडलाय. तो मी तिला दाखवला. तिने त्यावर हात फिरवला, लहानपणी म्हशीच्या पाठीवर फिरवायची तसा, आणि म्हणाली, "हा चालेल."

मी म्हणालो, "चालेल, पण माझी एक अट हाय. यंत्रात जे काय जमेल ते न्यायला तू स्वतः यायचं. शिपाई-बिपाई पाठवायचा न्हाय. माझ्या जागेत परका माणूस नको मला."

तिने कातळावरची पानं हाताने झाडली. मग म्हणाली, "बरं. महिन्याच्या पहिल्या रविवारी येईन."

परक्या माणसाचं मी आपलं तोंडाने म्हणालो. मला ती यायला हवी होती.

कातळात खड्डा खणून यंत्र ठेवलं, वर सिमेंटचं झाकण, बाजूला सूर्यावर चालणारी बॅटरी. दर पहिल्या रविवारी ती यायची, आतलं छोटं कार्ड काढायची, दुसरं घालायची. मग आम्ही आंब्याखाली बसून डब्यातली भाकरी आणि बोंबील खायचो, आणि ती मला सांगायची. अरबी समुद्राच्या पार वरच्या टोकाला, मकरानच्या किनाऱ्यापाशी, समुद्राची जमीन किनाऱ्याच्या जमिनीखाली घुसतेय. नखं वाढतात तेवढ्या सावकाश. काही ठिकाणी ती सरकत राहते, काही ठिकाणी अडून बसते. अडून बसली की वर सगळं शांत दिसतं. मग कधीतरी सुटते, आणि सुटते तेव्हा समुद्र उचलून किनाऱ्यावर टाकते.

"मग तिथली अडलीय का सरकतेय?" मी विचारलं.

"तेच तर कुणाला माहीत नाही. मी इतकी वर्षं तेच शोधतेय."

"इतकी वर्षं? आनि अजून न्हाय कळलं?"

"बाबा, माणूस का अडून बसलाय ते समोर बसून कळत नाही. ती तर समुद्राखाली आहे."

हा टोमणा मला होता. मी बोंबील चावत राहिलो.

लहान भूकंप तिकडे अधूनमधून होतात, त्यांची हालचाल जमिनीतून इकडे येते, आणि ती नेमकी कोणत्या क्षणी पोचली, पहिलं पाऊल कधी पडलं, यावरून तिला पुढचा हिशेब बांधता येतो. म्हणून जागा शांत हवी. मी ती शांत ठेवली. तिथल्या शेजारणीच्या बकऱ्या हाकलल्या, क्रिकेटवाल्यांचे स्टंप उपटून विहिरीत टाकले. शेजारीण म्हणाली, "यंत्र हाय का तुझी नवी बायको? कोनाला बघू पन देत न्हायस." रोज बसने जाऊन मी झाकणाभोवती फेरी मारून यायचो. एका रविवारी मुलीने लॅपटॉपवर एक नक्षी दाखवली. "हे कोण आहे ओळख. रोज सकाळी येतं, गोल फिरतं, जातं." माझेच पाय होते. त्या दिवसापासून मी फाटकाबाहेरूनच बघून परत यायला लागलो.

मग खंडेनवमी आली.

आमच्या घरात त्या दिवशी अवजाराला हळद-कुंकू लागल्याशिवाय कोणी जेवत नाही. मिठागर होतं तेव्हा फावडी, घमेली, टोपल्या, सगळं धुऊन ओळीने मांडायचो. आता अवजार उरलं होतं एकच. ते माझं नव्हतं, पण माझ्या मुलीचं होतं, माझ्या जमिनीत होतं. त्याला पूजेशिवाय कसं ठेवायचं? झेंडू, अगरबत्ती, नारळ घेऊन मी रिक्षाने डोंगरीला गेलो. रिक्षावाला चप्पल काढून आत आला, शेजारीण आली. फुलं वाहिली. नारळ हट्टी निघाला. झाकणाच्या कडेवर दोनदा आपटला, फुटला नाही. तिसऱ्यांदा सगळा जोर लावला तेव्हा फुटला. रिक्षावाला म्हणाला, "चाचा, मशीन भी हिल गया होगा." आम्ही सगळे हसलो.

पुढच्या पहिल्या रविवारी मुलगी आली, कार्ड लॅपटॉपला लावलं. बघता बघता तिचा चेहरा उतरला. मधल्या एका सकाळी मकरानला लहानसा भूकंप झाला होता. जिथल्या भूकंपाची ती इतकी वर्षं वाट बघत होती, नेमका तिथला. आणि त्याचं पहिलं पाऊल जिथे पडायचं, तिथे तीन उंच टोकं उभी होती.

"बाबा, हे काय आहे?"

मी तारीख विचारली. तिने सांगितली तेव्हा मला कळलं.

"नारळ हाय."

"नारळ?"

"तीन टोले. दोनदा फुटलाच न्हाय."

ती रागावेल म्हणून मी तयार होऊन बसलो होतो. रागावली असती तर मला उत्तर देता आलं असतं. ती नुसती त्या तीन टोकांकडे बघत राहिली. मी म्हणालो, "अवजाराला पूजा लागतेच." ती म्हणाली, "हो. आपल्याकडे लागतेच." मग लॅपटॉप मिटला. त्या दिवशी डबा तसाच परत गेला.

चुकलो असं मी म्हणालो नाही. अजूनही म्हणणार नाही. पण झोप गेली होती. यंत्राची मला फिकीर नव्हती. पहिला रविवार जाणार, हे मला दिसत होतं.

तसंच झालं. पुढच्या खेपेला तिच्याबरोबर तिचे साहेब आले, चष्मेवाले, सभ्य. ही जागा माणसांच्या फार जवळ आहे, म्हणाले, यंत्र कोकणात खाली एका बंद विश्रामगृहाच्या आवारात नेतोय. मी मान हलवली. मुलगी खड्ड्यात उतरून वायरी गुंडाळत होती. साहेब माझ्याशी काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाले, "काका, बाकी ठिकाणची यंत्रं मोबाइलवरून आपोआप माहिती पाठवतात. हे एकटंच कार्डावर ठेवलं होतं मॅडमनी. मी कितीदा म्हटलं बदला. ऐकतच नाहीत. इथे रेंज नाही म्हणायच्या."

मी खिशातला फोन काढून बघितला. रेंज पूर्ण होती.

मुलीने मान वर केली नाही. वायर गुंडाळून झाली होती, तरी ती गुंडाळत होती. मी फोन परत खिशात ठेवला. यंत्र गाडीत ठेवलं, गाडी गेली. जाताना ती एवढंच म्हणाली, "बाबा, झाकण लावून घे. खड्ड्यात कुणी पडायला नको."

पुढचा महिना लागला. पहिल्या रविवारी मी सकाळी उठलो, डबा भरला, बस पकडली. का जातोय ते मलाही सांगता आलं नसतं. शेजारीण कुंपणावरून म्हणाली, "आता कोनाची राखन करतोस रे?" मी म्हणालो, "आंब्याची." आंबे धरायला अजून फार दिवस होते.

मी झाकणावर बसलो. आता बसायला हरकत नव्हती. पाय आपटला तरी कुणाला दिसणार नव्हतं. आपटून पाहिला, बरं वाटलं नाही.

फोन वाजला.

"बाबा, कुठे आहेस तू? दाराला कुलूप आहे."

"कुठल्या दाराला?"

"आपल्या. मोरव्याच्या. मी पायरीवर बसलेय कधीची."

मी झाकणावरून उठलो, डबा उचलला. मग म्हणालो, "बस तिथंच. हलू नको. डबा माझ्याकडं हाय."

"मी नाही हलत," ती म्हणाली. "तूच सावकाश ये."

बसची वाट मी बघितली नाही. नाक्यावर नारळाच्या वेळचा तोच रिक्षावाला होता, त्याला हाक मारली.