अण्णा, प्लगला हात लावू नका

मला माझीच किळस येते.

आज अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, जाऊन वर्ष झालं. कमेंटमध्ये 'गुणी लेक' वगैरे लिहू नका, प्लीज.

पडेगावच्या घरी मी छोटा सर्व्हर बसवला होता. घरचे सगळे फोटो, व्हिडिओ त्यात. बंगळुरूत बसून चालवायचो. रोज बॅकअप झाला की मोबाईलवर हिरवी टिक. ती मित्रांना दाखवत मिरवायचो.

आई गेल्यावर अण्णा रोज चहासोबत टीव्हीवर एकच व्हिडिओ लावायचे. आई गच्चीवर पापड वाळवतेय आणि त्यांच्यावर खेकसतेय, "अहो, खाली बघा की! पापडं तुडवता का?"

चाळीस सेकंद. अण्णा रोज हसायचे.

त्यांची एक सवय होती. आभाळ गडगडलं की घरातले सगळे प्लग उपटायचे. फ्रिज, टीव्ही, सर्व्हर, सगळं.

तिकडे माझा बॅकअप अर्धवट लटकायचा. मी फोनवर ओरडायचो. बापावर.

"मशीनमधलं तुम्हाला काय कळतं? माझ्याशिवाय त्या प्लगला हात लावायचा नाही!"

"बरं बाबा."

मेमधल्या एका दुपारी त्यांचा फोन आला. मी मीटिंगमध्ये.

"ईज लई चमकू राहिली रे. काढू का तेवढा?"

"नाही म्हटलं ना, अण्णा!"

दहा मिनिटांत सर्व्हर ऑफलाइन. मी लगेच फोन लावला, "काढलाच ना शेवटी?"

"नाय रे. धूर निघू राहिला त्याच्यातून."

बॅकअपची डिस्क मी, अतिशहाण्यानं, त्याच डब्याला जोडली होती. मूळ डिस्क आणि ती, दोन्ही जळाल्या. आईचा आवाज दुसरीकडं कुठंच नव्हता.

पुढं आठ महिने अण्णा जगले. टीव्ही बंद ठेवून चहा प्यायचे.

आणि मी काय म्हणालो? "नवीन डिस्क मागवतो."

थू माझ्या जिंदगीवर.

वर्षश्राद्धाला आलोय. घर बंदच होतं. सर्व्हर कोपऱ्यात तसाच, वर अण्णांनी घडी करून टाकलेला टॉवेल.

बटण बंद. पण जळका प्लग अजून बोर्डातच.

हात लावायचा नाही, म्हणालो होतो ना.

अण्णा, आज मी काढला तो. माफी मागायला तोंड नाही.

नमस्कार करतो.