परतीची रेघ

दादा गेल्याची बातमी आली तेव्हा आमच्या घरातले लोक आधी रडले नाहीत. आधी सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. श्रीधरदादा, माझा थोरला भाऊ, केनवडचा डॉक्टर, मंगरूळपीरला एक रोगी पाहायला गेला होता आणि तिथेच छातीत कळ येऊन संपला. दुपारच्या मोटारीनं निरोप घेऊन माणूस आला. मी अंगणात तूर पाखडत होते. सूप हातातच राहिलं आणि समोर धाकटा भाऊ मारोती, त्याची बायको, शेजारणी... सगळे माझ्या तोंडाकडे टक लावून. आता ही बिघडणार! दादाच्या मरणाचं दुःख होतंच, पण त्या नजरांचा मला संताप आला. महिना उलटून गेल्यावर लिहायला बसले आहे तीही त्या संतापानंच. हो, मी तीच गोदा, जिला गाव वेडी म्हणतं. म्हणू दे.

पहिलं मूल दगावलं आणि माझं डोकं फिरलं. सासरच्यांनी माहेरी आणून सोडलं. अधूनमधून 'ते' यायचं... मी भांडी फेकायची, वाट फुटेल तिकडे धावायची, दिसेल त्याला शिव्या घालायची. मग बाबा गोठ्यातली बैलाची साखळी माझ्या पायात घालत. बाबा दुष्ट नव्हते. साखळी घातली की काही दिवसांत मी निवते, हे त्यांनी आपल्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

अशाच एका खेपेला दादा शहरातल्या वेड्यांच्या इस्पितळातली नोकरी सोडून घरी आला. तिथे एक नवी सुई आली होती. ती टोचली की रोगी सुधारतात, असं मोठे साहेब लिहून पाठवत होते. पण सुई सगळ्यांना पुरत नव्हती, म्हणून एका वॉर्डाला ती मिळालीच नाही. दादानं दोन्ही वॉर्डांतले रोगी एकाच कागदावर ठिपक्यांनी मांडले. आला तेव्हा किती बिघडलेला आणि काही महिन्यांनी किती. ठिपक्यांमधून रेघा ओढल्या, तर दोन्ही रेघा एकमेकींवर बसल्या! जो फार बिघडलेला असताना आणला, तो बहुतेक करून थोडा उतरतच होता, म्हणजे निवतच होता, सुई असो वा नसो. या विद्येला इंग्रजीत रिग्रेशन म्हणतात, दादा तिला परतीची रेघ म्हणायचा. साहेबांनी सांगितलं, बिनसुईच्या वॉर्डाचे ठिपके काढून टाका. दादानं नोकरीच टाकली.

त्यानं दारात पाऊल ठेवलं आणि त्याला माझा पाय दिसला.

"हे काहून बांधली?"

"बांधली का शांत होते थे," बाबा म्हणाले.

"तुमी तिले कवा बांधता, बाबा? निस्ती उदास बसते तवा?"

"तवा कायले बांधीन? लयच सुटली म्हंजे."

"मंग लयच्या वरतं अजून कुठं जाईन थे? आता उतरनारच ना. गेल्या साली ज्याचा कापूस सगळ्यात बेकार पिकला, त्यानं देवीले बोकड कापला. यंदा त्याचा बरा पिकला. अन् ज्यानं कापला नाही त्याचाबी बरा पिकला. मंग बोकड कायले मेला?"

बाबांना ते पटलं नाही. पण डॉक्टर झालेल्या लेकापुढे त्यांना एक पाऊल मागे घ्यावं लागलं. दादानं माझ्या पायातली साखळी काढली. पुढच्या खेपेला बांधायचं नाही, आणि गोदा सावरली नाही तर दादानं स्वतःच्या हातानं साखळी घालायची, असं ठरलं. मी दादाला विचारलं, "अन् मी नाही उतरली तं?" तो म्हणाला, "तं मी चुकलो. मंग तुह्यासाठी दुसरं काही शोधीन. रेघेच्या वर राहनारे ठिपकेबी असतात, गोदे."

पुढची खेप आली ती फार वाईट आली. मी तुरीच्या वावरात शिरले आणि दिवसभर धावत राहिले. दादा चार हात अंतर ठेवून माझ्यामागे चालत होता. उन्हात, ठेचकाळत, माझ्या शिव्या खात. त्यानं मला एकदाही धरलं नाही, फक्त विहिरीच्या बाजूला आडवा येऊन उभा राहायचा. कितीतरी दिवस असंच चाललं. आणि मग मी उतरले... एका सकाळी मला भूक लागली आणि मी भाकर मागितली. बाबांचे डोळे भरून आले. "तुह्या औषधाले मानलं, पोरा," ते म्हणाले. दादा एवढ्या जोरात खेकसला की माय चुलीपासून उठून आली. "म्या औषध देल्लंच नाही!"

असा हा माणूस. पुढे त्यानं घराच्या पुढच्या खोलीत दवाखाना काढला. रोगी पाया पडायला लागला की त्याला राग यायचा. लोक म्हणायचे, डॉक्टर हुशार आहे पण डोक्यानं जरा... आणि माझ्याकडे बघायचे. एकाच घरात दोन, असं म्हणून आम्ही दोघं हसायचो. ती साखळी त्यानं कुलूप घालून आपल्या सायकलला लावली. दारातल्या निंबाला ती सायकल रोज बांधलेली असे, साऱ्या गावाला दिसेल अशी.

दादा गेला आणि मी बिघडलेच. बिघडणार नव्हते तर काय! सख्खा भाऊ गेला होता. एका दुपारी मला खडखड ऐकू आली. मारोती कुलूप उघडून सायकलला लावलेली ती साखळी सोडत होता. मी ओरडत होते, पण मला सगळं दिसत होतं. म्हातारी माय उठली, तिनं मारोतीच्या हातातून साखळी ओढून घेतली, जमिनीवर टाकली आणि तिच्यावर मांडी घालून बसली.

"उतरते म्हने थो. उतरू दे तिले."

कोणाची हिंमत झाली नाही तिला उठवायची. आणि मी उतरले. उशीर लागला, पण उतरले. गाव म्हणतं, डॉक्टरची पुण्याई. दादा असता तर खेकसला असता. त्याच्याच रेघेप्रमाणे याचं श्रेय त्यालाही नाही, हे मला त्यानंच शिकवलं आहे.

पण मी भांडणार, दादा. आजार आपोआप उतरत असेल. साखळी आपोआप उतरत नाही. ती कोणीतरी काढावी लागते, आणि ती तू काढलीस. सायकल पुन्हा निंबाला बांधली आहे. कुलपाची किल्ली आता माझ्या कमरेला आहे.