दंडावरची सुई

करंजाहून निघाले त्या सकाळी आईने माझ्या ड्रेसच्या बाह्या कोपरापर्यंत खाली ओढल्या आणि म्हणाली, "दंड साफ झालं की ये, बाय. तुजी जागा मी कोनाला देनार नाय." मासळीबाजारातली, तिच्या पाटीशेजारची माझी हातभर जागा.

मल्टिपल स्क्लेरोसिस हे नाव मला, सातवीत शाळा सोडलेलीला, अजून कागदावर बघूनच लिहिता येतं. पाय लटपटायचे, डोळ्यांपुढे धुरकट व्हायचं. त्यावर रोज एक सुई. आई दंडावर टोचायची. आधी होडीसाठी आणलेल्या बर्फाचा तुकडा पदरात गुंडाळून तिथं धरायची. तरी रुपयाएवढे लाल चट्टे उठायचेच. हे सुईचं हाय, लागनारं नाय, असं आई प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायची. पण माझा दंड दिसला की बायका हातातलं पापलेट परत ठेवायच्या. मग आईचीही पाटी उरू लागली.

पनवेलला एका काकूंच्या खानावळीत भाकरीचा हात पोळीला वळवला. त्यांनी खोली दिली, सुयांसाठी फ्रिजचा एक कप्पा दिला. त्यांचे उपकार फिटायचे नाहीत. दवाखान्यातल्या नर्सने बजावलं होतं, रोज टोचायची जागा बदल. पण दंडावर आपलं आपल्याला नीट टोचता येत नाही, आणि मला तर दंड साफच हवे होते. अधू पायाला सुई लावायची भीती वाटायची. म्हणून दोन वर्षं नुसतं पोट. तिथं गाठी झाल्या, बोट बुडेल असे खड्डे पडले. ते आता भरायचे नाहीत म्हणतात.

फोनवर आई एवढंच विचारायची, दंड कसे आहेत. साफ, मी म्हणायचे. शिमग्याला येते म्हणाले होते. त्याआधीच ती गेली.

तिला शेवटची अंघोळ घालताना बायका माझ्या उघड्या दंडांकडे बघत होत्या. एक म्हणाली, "बरी झालीस गो."

बाजारात माझी जागा रिकामीच होती. आईची पण.

मी पनवेलला परत आले. गाववाल्यांनो, घरी कधी येणार म्हणून विचारता. माझं घर ती हातभर जागा होती, आणि ती राखणारी गेली.

पोट बघून नर्स रागावली, तेव्हापासून रोज जागा बदलते, आणि दंडाच्या पाळीला काकू सुई देतात. त्याही आधी बर्फ धरतात. फ्रिजमधल्या बर्फाला मासळीचा वास येत नाही. तरी मी बाही वर करते आणि तोंड फिरवते, आईपुढं फिरवायचे तसं.