मी पूर्ण केलेलं वाक्य

माझे मिस्टर बोलताना अडखळतात. पहिलं अक्षर अडकतं, मान थोडी डावीकडे जाते, डोळे मिटतात आणि मग शब्द एकदम सुटतो. 'आ' आणि 'क' त्यांना जास्तच जड जातात. मला बघायला ते वसईजवळ पापडीला आमच्या घरी आले होते, तेव्हा स्वतःचं नाव सांगायलाच त्यांना इतका वेळ लागला की काकांनी मध्येच "सुकेळी घ्या, घरच्याच केळ्यांची वाळवलेली आहेत" असं सुरू केलं. मला मात्र त्यांनी एकच प्रश्न विचारला, "तु-तुम्हाला घाई असते का?" मी 'नाही' म्हटलं. ते खोटं होतं, पण तेव्हा माझं मलाही माहीत नव्हतं.

लग्नानंतर आम्ही विरारला, फुलपाड्यात फ्लॅट घेतला. त्यांच्याबरोबर चारचौघांत वावरताना माणसांच्या तऱ्हा कळत गेल्या. दुसऱ्या मजल्यावरचे काका त्यांच्याशी मोठ्याने बोलतात, जणू त्यांना ऐकूच येत नाही. किराणावाला 'क' ऐकल्याबरोबर कांदे तोलायला घेतो. हवा असतो कपड्यांचा साबण. कोणी चपलांकडे बघत राहतं, कोणी श्वासाचे व्यायाम सुचवतं. हसणारे आता फारसे भेटत नाहीत.

आणि मी. मी त्यांची वाक्यं पूर्ण करायचे. बहुतेक वेळा माझा अंदाज बरोबर निघायचा, त्यामुळे यात काही चुकतंय असं मला कधी वाटलं नाही. उलट मी त्यांना मदतच करते, असं मी धरून चालले होते.

मागच्या वर्षी माझी आई आमच्या केळीच्या वाडीत पाण्याच्या पाटाजवळ घसरून पडली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन व्यवस्थित झालं. पण निदान तीन महिने तिच्याजवळ दिवसभर कोणीतरी हवं, असं डॉक्टरांनी सांगितलं. ती घरी आली त्या शनिवारी आम्ही दोघं पापडीला गेलो. धाकट्या भावाला सकाळपासून वाडीचं काम, वहिनी शाळेत शिकवते. आई खाटेवर पडून होती आणि आम्ही तिच्याभोवती खुर्च्या टाकून बसलो होतो.

"दिवसा कोण थांबणार, हाच प्रश्न आहे ताई," भाऊ म्हणाला.

मिस्टर पुढे सरकले. "आ-आ-आईंना आ-आप..."

"आईंना आपल्याकडे कसं जमणार, असंच ना?" मी म्हटलं. "खरंय. तिसरा मजला, लिफ्ट नाही."

भावाने लगेच मान डोलावली. "बरोबर आहे भाऊजी तुमचं. आपण एखादी बाई बघू."

मिस्टरांनी तोंड मिटलं. आई छताकडे बघत होती. वहिनीने चहा आणला आणि विषय संपला.

घरी आल्यावर चप्पल काढता काढता ते म्हणाले, "मी ते म्हणत नव्हतो."

"मग काय म्हणत होतात?"

"आ-आईंना आपल्याकडे आणू. पहिले पंधरा दिवस मी सु-सुट्टी काढतो."

"मग तिथेच का नाही बोललात?"

"तू बोललीस ना."

मी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले आणि तिथेच उभी राहिले. ते वाक्य त्यांचं नव्हतंच, माझं होतं. आमच्या दोन खोल्या, त्यातल्या एकीत संध्याकाळी माझ्या शिकवणीला येणारी मुलं, त्यात आईचं अंथरूण कुठे घालायचं, हे दवाखान्यापासून माझ्या डोक्यात होतं. स्वतःच्या आईला 'नाही' म्हणायची माझी हिंमत नव्हती. ते मी त्यांच्या तोंडी घातलं. त्यांना ते खोडून काढायला वेळ लागला असता आणि तेवढा वेळ कोणी दिला नसता.

"मी भावाला फोन करते," मी म्हटलं.

"नको. मी क-करतो."

त्यांनी फोन लावला. पलीकडून भावाचा आवाज मलाही ऐकू आला, "हॅलो? भाऊजी? आवाज येत नाहीये," आणि फोन बंद झाला. दुसऱ्यांदाही तसंच झालं. तेव्हा त्यांनी फोन ठेवून दिला आणि रविवारी सकाळी एकटेच पापडीला गेले. मी येते म्हटलं, तर हातानेच नको म्हणाले.

तिथे काय झालं ते भावाने नंतर सांगितलं. "बराच वेळ लागला ताई त्यांना. मी दोनदा मध्ये बोललो, तर आईने मला गप्प बसवलं. म्हणाली, त्यांचं होऊ दे आधी."

पुढच्या आठवड्यात आई आमच्याकडे आली. तिला वर आणायला मिस्टरांनी बिल्डिंगमधल्या तीन जणांना स्वतः दार वाजवून बोलावलं. प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून चौघांनी तिला तीन मजले चढवलं. शिकवणीची मुलं आतल्या खोलीत, पलंगावर दाटीवाटीने बसायला लागली. अडचण झालीच, पण मला वाटली होती तेवढी नाही.

दुपारी आई मांडीवर ताट घेऊन वाल सोलायची आणि मिस्टरांना त्यांच्या कोकणातल्या गावाबद्दल विचारायची. ते अडखळले की ती पुढचा दाणा सोलायला घ्यायची. एकदा ते तिला सांगत होते की शाळेत हजेरी घेताना त्यांना 'हजर' म्हणता यायचं नाही. मास्तर पुढच्या नावावर जायचे. वर्गात बसलेले असूनही महिनाभर गैरहजेरी लागली आणि शेवटी वडिलांना शाळेत बोलावलं.

मी ओट्यापाशी उभी राहून ऐकत होते. वीस वर्षांत हे मला माहीत नव्हतं. कदाचित त्यांनी कधीतरी सांगायला सुरुवात केलीही असेल आणि मीच दुसरं काहीतरी बोलून ते वाक्य संपवलं असेल.

आई चार महिने राहिली. आता काठी घेऊन वाडीत फिरते. तिचा फोन येतो तो मिस्टरांच्या मोबाइलवर, आणि बराच वेळ चालतो. माझी सवय पूर्ण गेलेली नाही. अजून अधूनमधून त्यांचा शब्द माझ्याच तोंडून निघून जातो. तेव्हा ते हात वर करून मला थांबवतात आणि वाक्य पहिल्यापासून सुरू करतात.